मानव-संगणक बुद्धिबळ सामन्यांचे नियम

मानव आणि संगणक यांच्यातील बुद्धिबळ सामन्यांत मोहऱ्यांच्या चाली नेहमीच्याच असतात. वाद होतो तो सामन्याच्या अटींवर. यंत्राने कोणती माहिती जवळ बाळगावी, विचारासाठी किती वेळ असावा आणि यंत्रामागील माणसांनी कितपत हस्तक्षेप करावा, हे मोठ्या सामन्यांत करार करून ठरविले गेले.

मूळ अडचण

फिडेच्या नियमांनुसार डाव चालू असताना खेळाडूला टिपणे किंवा पुस्तक पाहता येत नाही. संगणकाजवळ मात्र असंख्य डावांतून निवडलेल्या प्रारंभीच्या चालींचा संग्रह असतो. ही त्याची स्मृती मानावी की पटाशेजारी उघडून ठेवलेले पुस्तक, हा जुना मतभेद आहे. अखेरच्या टप्प्यातील संग्रहावरचा आक्षेप अधिक सबळ ठरतो. मोजके मोहरे उरलेल्या प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल त्यात आधीच काढून ठेवलेला असल्याने यंत्राला तेथे विचारच करावा लागत नाही.

वेळेचा परिणामही मोठा असतो. १९९८ मध्ये विश्वनाथन आनंद यांनी रेबेल १० या प्रणालीविरुद्ध आठ डाव खेळले. चार अतिजलद डावांत रेबेलने ३–१ अशी सरशी केली, तर पूर्ण वेळेच्या दोन डावांत आनंद १½–½ असे वरचढ ठरले. एकूण निकाल रेबेलच्या बाजूने ५–३ असा लागला.

डीप ब्लू ते बॉन

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारॉव्ह यांना ३½–२½ असे हरविले. यंत्राचे आधीचे डाव कास्पारॉव्ह यांना अभ्यासासाठी मिळाले नव्हते. उलट त्यांच्या डावांचा अभ्यास यंत्राच्या चमूला खुला होता. दोन डावांच्या मधल्या काळात प्रणालीत बदल करण्याची मुभाही चमूला होती. दुसऱ्या डावानंतर कास्पारॉव्ह यांनी यंत्राच्या गणनेच्या नोंदी मागितल्या. त्या आयबीएमने पुढे प्रसिद्ध केल्या, परंतु फेरसामना झाला नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर २००६ मधील बॉन येथील सामन्याच्या अटींत या तक्रारींची दखल दिसते. व्लादिमिर क्रामनिक यांना डीप फ्रिट्झची प्रत सरावासाठी आधी देण्यात आली. प्रारंभसंग्रहातील मर्यादित भर वगळता सामन्यादरम्यान प्रणाली बदलण्यास मनाई होती. फ्रिट्झ संग्रहातील चाली खेळत असेपर्यंत तो संग्रह क्रामनिक यांनाही पडद्यावर पाहता येई. सहा मोहऱ्यांचा अंत्यसंग्रह उपलब्ध असूनही यंत्राला, राजे धरून, पाच मोहऱ्यांपर्यंतचाच संग्रह वापरता आला. अटी इतक्या अनुकूल असूनही क्रामनिक २–४ असे हरले. दुसऱ्या डावात तर एका चालीतील मात त्यांच्या नजरेतून सुटली. थकवा आणि नजरचूक यांवर कोणताही करार उपाय करू शकत नाही.

सवलतीचे सामने

यंत्रे निर्विवाद वरचढ झाल्यावर त्यांनाच कमी बळाने खेळविण्याची पद्धत पुढे आली. जानेवारी २०१६ मध्ये हिकारू नाकामुरा यांच्याविरुद्ध कोमोडो ही प्रणाली पहिल्या दोन डावांत एक प्यादे कमी घेऊन, तर तिसऱ्यात घोड्याच्या बदल्यात हत्ती सोडून खेळली. हे तिन्ही डाव बरोबरीत सुटले. चौथ्या डावात नाकामुरा यांना आरंभी चार चाली जादा मिळाल्या होत्या. तो डाव कोमोडोने जिंकला.