गंगथडीतून बालाघाटावर : बीडच्या घाटरस्त्यांचा सायकलवरून मागोवा

जुनी माणसं बीड जिल्ह्याची वाटणी तालुक्यांवरून करत नाहीत. गेवराई, माजलगावकडचा गोदावरीच्या आसऱ्याचा काळ्या मातीचा मुलूख म्हणजे गंगथडी. पाटोदा, केज, अंबाजोगाईकडचं वरचं मुरमाड पठार म्हणजे बालाघाट. बीड शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे, तर वरचं पठार काही ठिकाणी सातशेच्याही पुढे जातं. लडाखमधल्या उमलिंग लाचा रस्ता १९,०२४ फुटांवर पोचतो. त्यापुढे आपले घाट बुटके आहेत, हे मान्यच. पण सायकलवाल्याच्या हिशेबात घाटाची उंची एवढीच बाब नसते. इथे एका चढात माती बदलते, पीक बदलतं, विहिरीची खोली बदलते. खाली कापूस आणि ऊस, वर ज्वारी, तूर आणि बांधाबांधाला सीताफळ. एवढा बदल अर्ध्या तासाच्या चढात दाखवणारे रस्ते मला महाराष्ट्रात फारसे ठाऊक नाहीत. तरीही आपल्या सायकलस्वारांच्या गप्पांत पसरणी, वरंधा, ताम्हिणी, आंबोली ही नावं येतात आणि बालाघाटाचं नाव येत नाही. म्हणून गेल्या पन्नासेक वर्षांचा हा मागोवा.

घाट तसे मोजकेच. बीडहून सोलापूरकडे निघालं की पालीच्या बिंदुसरा धरणानंतर मांजरसुंब्याचा घाट लागतो. तेलगावहून धारूरला चढणारा धारूर घाट, परळी-अंबाजोगाई रस्त्यावरचा कन्हेरवाडीचा घाट आणि पश्चिमेला जामखेडच्या वाटेवरचा सौताड्याचा घाट. यांतल्या वाटा डांबरापेक्षा कितीतरी जुन्या आहेत. १५६७ मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखानाने धारूरचा किल्ला बांधला, तो बालाघाटाच्या कड्याच्या वरच्या अंगाला. खालून येणारा माणूस, बैल आणि माल जिथून वर चढणार, तिथेच त्याने पहारा बसवला. आजचा सायकलवाला धापा टाकत जिथे पहिल्यांदा थांबतो, तिथून किल्ल्याची जागा का निवडली असेल हे पायांना लगेच कळतं.

पण आजच्या रस्त्यांच्या जाळ्यावर सगळ्यात खोल ठसा आहे तो १९७२ च्या दुष्काळाचा. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात पन्नास लाखांच्या जवळपास माणसं दुष्काळी कामांवर होती आणि मराठवाडा त्या दुष्काळाच्या ऐन मध्यात होता. पाझर तलाव, नाला बंडिंग आणि रस्ते ही कामं निघाली. बायाबापड्यांनी उन्हात बसून खडी फोडली. मुलांना सुकडी मिळायची आणि घरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या. त्या पिढीला आजही मिलोचं नाव काढलं की गप्प व्हायला होतं. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला. गावागावांना जोडणारे कितीतरी फाटे तेव्हा मातीमुरमाचे झाले आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू त्यांच्यावर डांबर पडलं. हजार-बाराशे ग्रॅमच्या कार्बनच्या सांगाड्यावर बसून आपण ज्या आडरस्त्याने सुखाने जातो, त्याची पहिली खडी उपाशी माणसांनी फोडलेली असते. बालाघाटावर सायकल चालवणाऱ्या प्रत्येक तरुणाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतरची वीस वर्षं साध्या काळ्या सायकलची. शिक्षक, पोस्टमन, दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवलेला गवळी, वायरमन, सगळे सायकलवर. लहान मुलं नळीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत शिकायची. गावात तासाच्या भाड्याने सायकल मिळायची आणि बाजाराच्या दिवशी दुकानापुढे रांग असायची. घाटात मात्र या सायकलचं गणित उलटं व्हायचं. पुढच्या चक्राला ४४ दात आणि मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर पुढे जाणार. सपाटीवर ही सोय, चढावर ती शिक्षा. आजच्या गिअरच्या सायकलवर पुढे ३४ आणि मागे ३२ दात लावले की तोच फेरा सव्वादोन मीटरवर येतो, म्हणून पाय फिरत राहतात. जुन्या सायकलचं वजन वीस किलोच्या घरात, वर दूध किंवा पिशव्या. त्यामुळे माणूस पायथ्याला उतरायचा आणि हँडल धरून चालायचा. उतारावर लोखंडी दांड्यांचे ब्रेक, तापलेल्या रबराचा वास, आणि वळणावर समोरून लाल गाडी येत नसेल एवढीच आशा. या माणसांना कुणी सायकलपटू म्हटलं नाही. माझ्या दृष्टीने या घाटांच्या नोंदीत पहिली नावं त्यांची लागतात.

याच काळात घाट चढण्याला दुसरीकडे मान मिळत होता. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाच्या माथ्यावर जो पहिला पोचेल त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीत तर त्याच्या कितीतरी आधी, १९१० साली, पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच खिंडींत स्वारांना नेलं. त्यांतली तूरमाले खिंड २,११५ मीटरची. रस्ते तेव्हा कच्चे, सायकलींना आजच्यासारखे गिअर नाहीत, आणि ते बदलण्याचं यंत्र वापरायला तिथे परवानगी मिळाली थेट १९३७ मध्ये. म्हणजे सत्तावीस वर्षं जगातले सर्वोत्तम सायकलस्वार आल्प्स आणि पिरेनीज चढत होते ते आपल्या गवळ्याच्या सायकलशी नातं सांगणाऱ्या सायकलींवरून. फरक एवढाच की तिथे रस्त्याच्या कडेला माणसं टाळ्या वाजवायला उभी असत.

नव्वदच्या दशकात मोटारसायकल आली आणि घाटातून सायकल जवळजवळ नाहीशी झाली. टिकली ती शाळेच्या वाटेवर. पुढे मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळाल्या आणि एकेका मुलीचं आठवीनंतरचं शिक्षण त्या सायकलवर तरलं. मोठ्या माणसाने सायकलवर दिसणं मात्र गरिबीची खूण ठरू लागलं होतं.

ती नजर बदलायला बाहेरचं निमित्त लागलं. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या मर्यादेआधी पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. डॉक्टरांची नावं आल्यावर आपल्याकडच्या डॉक्टरांनी, प्राध्यापकांनी सायकली घेतल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ राइडची भाषा मराठवाड्यात आली. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. इथे कुणी पहिला नसतो, वेळेत पोचला तो पोचला. मग २०२० ची टाळेबंदी आली, जिम बंद पडल्या आणि दुकानांत गिअरच्या सायकली मिळेनाशा झाल्या. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मांजरसुंब्याच्या चढावर पहाटे जेवढे दिवे लुकलुकले तेवढे मी आधी कधी पाहिले नव्हते.

रस्ताही दरम्यान बदलला होता. सोलापूर-धुळे महामार्ग, जुन्या आकड्याने २११ आणि नव्याने ५२, चौपदरी झाला. चढ सौम्य झाला, कडेला पट्टी मिळाली, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणं कमी झालं. गेली ती सावली. जुन्या रस्त्याच्या कडेचे वड आणि कडुलिंब तोडले गेले, आणि एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर तिथे चढणं आता धोक्याचं आहे. सोय आणि सावली यांतलं एक निवडायची वेळ रस्ता बांधणाऱ्यांवर यायलाच नको होती, असं मला आजही वाटतं.

मला विचाराल तर जिल्ह्यातला सर्वांत समृद्ध मार्ग बीड, मांजरसुंबा, लिंबागणेश, पाटोदा, सौताडा हा आहे. सुरुवात बिंदुसरेच्या खोऱ्यात. हिचं पाणी सिंदफणेला आणि सिंदफणेचं मंजरथजवळ गोदावरीला मिळतं. घाटाचा दगड लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, म्हणून चढही पायऱ्यांसारखा येतो. छातीवर येणारा तुकडा, मग जरा सपाटी, पुन्हा तुकडा. माथ्याच्या अलीकडे कपिलधारचा फाटा लागतो. तिथे मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिक पौर्णिमेला मराठवाडाभरातून लोक पायी येतात. त्या दिवसांत सायकलवाल्याने वाट सोडून कडेने जावं, रस्ता त्यांचा असतो. मांजरसुंब्यावरून पश्चिमेला वळलं की पठार लागतं आणि खरी परीक्षा सुरू होते, वाऱ्याची. जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा समोरून येतो आणि सपाट रस्त्यावर घाटापेक्षा जास्त दमवतो. अलीकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून त्यांच्या पात्यांकडे पाहूनच आज कितीला पोचणार याचा अंदाज येतो. पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते. नायगावच्या अभयारण्यातले मोर पहाटे रस्त्यावर येतात. आणि सौताड्याला पोचलो की विंचरणा नदी कड्यावरून रामेश्वरापाशी खाली झेपावते. तिचं पाणी सीनेला, सीनेचं भीमेला, भीमेचं कृष्णेला. सकाळी गोदावरीच्या पाण्याशी निघालेला माणूस दुपारच्या आत कृष्णेच्या पाण्याशी उभा असतो. मध्ये कुठे तरी त्याने दोन मोठ्या नद्यांची शीव ओलांडलेली असते. आल्प्समधल्या खिंडींवर अशा जागी फलक लावतात, उंची लिहितात, लोक फोटो काढतात. आपल्याकडे पठार इतकं सपाट की शीव डोळ्यांना दिसतही नाही. तिथे एक दगडी फलक असावा, ही माझी जुनी इच्छा आहे.

हे रस्ते सगळ्यात आधी ज्यांचे आहेत त्यांच्याविषयी बोलायलाच हवं. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत बाजलं, भांडी, लेकरं, शेळ्या. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात घाटात दिसत नाही, आणि त्यात झोपलेल्या लेकरांना तर हा धोका आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. प्रत्येक ट्रॉलीला मागून चकाकणारी पट्टी लावणं हे काम हंगामाआधी सहज होऊ शकतं. सायकलवाल्यांच्या काही टोळक्यांनी ते स्वतः हाती घ्यावं, पट्ट्या फार महाग नसतात.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. तोवर बीड शहरात येण्याजाण्याचा सगळा भार रस्त्यांवर होता. पुढे हा लोहमार्ग परळीला भिडेल. त्यातून घाटांतली गर्दी किती हलकी होईल ते अजून दिसायचंय.

धारूर घाटाचं मात्र काम राहिलं आहे. शेगाव-पंढरपूर रस्ता इतरत्र रुंद झाला, पण हा टप्पा वर्षानुवर्षे अरुंद राहिला आणि अपघातांमुळे रुंदीकरणाची मागणी सतत होत आली. ते व्हावंच. होईल तेव्हा चढाच्या बाजूला दीड मीटरची पक्की कड ठेवावी, तिच्यावर सायकल चालेल आणि वारकरीही चालेल. जिथे वळण कापून नवा रस्ता सरळ जाईल तिथे सुटलेला जुना डांबरी तुकडा उखडू नये, झाडांसकट तसाच राहू द्यावा. तोवर धारूर चढायचा असेल तर ऑक्टोबरमध्ये, सीताफळं उतरायच्या दिवसांत, तेलगावहून उजाडता उजाडता निघावं आणि ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत माथा गाठावा.