दुःखाचा अर्थ आणि पंडिता रमाबाई

दुःखातून श्रद्धा कशी बळावते, याचा विचार करताना मला पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) स्मरण होते. दुष्काळाच्या वणवणीत त्यांचे आईवडील गेले. १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. क्रूसावरचा ख्रिस्त स्वतः वेदना सोसून दुःखिताचा सोबती होतो, ही त्या धर्माची शिकवण. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात आल्या. आपले पांढुर्णा-सौसरही तेव्हा त्याच प्रांतात होते. तेथील निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. पुढे केडगावी ‘मुक्ती’ उभी राहिली. स्वतः भोगलेली भूक त्यांना परक्याच्या भुकेपर्यंत घेऊन गेली. माझ्या मते, दुःखाला अर्थ येतो तो अशा सेवेनेच.