शून्य कुठलं?

सदरहून झीरो माईलचा स्तंभ जवळच. त्याच्या पायथ्याशी दगडावर हैदराबादचं अंतर कोरलंय, ३१८ मैल. नुसतंच ३१८ कोरलं असतं तर?

परवा संगणकातला माझा भाचा म्हणाला, "मामू, कोडमधल्या या कॉमेंटा वाचा जरा." मी बी.ए., कविता करणारा. एका ओळीत लिहिलं होतं, 'ऑफसेट काढतो.' कुठून, कोणत्या मापात, पत्ताच नाही!

त्यानं समजावलं. आभासी डिस्क म्हणजे एक फाइलच. आतल्या यंत्राला वाटतं, आपली वीस जीबीची सलग डिस्क आहे. क्यूकाउ-टू प्रकारच्या फाइलीत मात्र सहसा ६४ केबीचे तुकडे असतात आणि लिहिलं जाईल तशी त्यांना जागा मिळते. क्रम विस्कटतो. कुठला तुकडा कुठे, ते दोन पातळ्यांचे तक्ते सांगतात.

म्हणजे शून्यं दोन, डिस्कचं आणि फाइलीचं. मापंही दोन, बाइट आणि ५१२ बाइटांचा सेक्टर. गल्लत झाली की लिखाण भलत्याच तुकड्यावर पडतं; कुणाचे हिशेब, कुणाच्या लग्नाचे फोटो जातात.

आम्ही ओळ नव्यानं लिहिली : 'डिस्कच्या आरंभापासूनचा सेक्टर घेतो, फाइलीच्या आरंभापासूनचे बाइट देतो. तुकड्याला जागा मिळाली नसेल तर शून्य.'

"पण बेटा, शून्य हाही पत्ताच की!"

"नाही मामू, तिथं फाइलीचा मथळा बसलेला असतो. डेटा तिथं नसतोच."

"हे कुठे लिहिलंय?"

तो हसला. मग तेही लिहिलं.