परवान्याची बंदूक आणि घरातली तिजोरी

आजचा विषय थोडा आडवाटेचा वाटेल. महाराष्ट्रात बंदूक असते तरी किती घरांत, असं कुणीही विचारेल. पण कोकणात रानडुकरं आणि माकडं बागायतीत शिरतात म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली घरं गावोगाव आहेत. कोल्हापूरकडे नेमबाजी शिकणारी मुलंमुली आहेत. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे ही नावं आता घराघरांत माहीत आहेत, आणि त्यांच्याकडे बघून रायफल घेणारेही वाढलेत. शिवाय निवृत्त सैनिक आहेत, आणि आजोबांची दुनळी वारसाहक्काने आलेली घरंही आहेत. या सगळ्यांना परवाना कसा काढायचा हे माहीत असतं. घरात ती वस्तू ठेवायची कुठे, हे विचारलं की उत्तर येतं, 'आहे की कपाटात.'

त्या कपाटापासूनच सुरुवात करू. आपल्याकडचं लोखंडी कपाट साड्या, कागदपत्रं आणि थोडंफार सोनं ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. त्याचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. दाराच्या फटीत पहार घालून जोर दिला की पत्रा वाकतो, आणि पत्रा वाकला की कुलूप कितीही चांगलं असलं तरी त्याचा उपयोग उरत नाही. आतला लॉकर थोडा बरा असतो, पण त्यात बंदूक मावतच नाही. मग ती कपड्यांमागे उभी केली जाते. घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला ती तिथे आहे हे माहीत नाही, असं आपण समजतो. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून हेच विचारलं होतं. आमच्या मुलांना बंदूक कुठे असते ते ठाऊक नाही, असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी ठाऊक असल्याचं सांगितलं. आपल्या घरात दिवाळीचे लाडू लपवून ठेवलेले किती दिवस टिकतात, एवढा विचार केला तरी पुरे.

म्हणून तिजोरी घेताना पहिला प्रश्न पत्रा किती जाड हा नाही. आपण ती कुणापासून लांब ठेवणार आहोत, हा पहिला प्रश्न. बहुतेक लोक चोर डोळ्यांसमोर ठेवतात. चोर महत्त्वाचा आहेच, कारण चोरीला गेलेलं शस्त्र पुढे कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. पण चोर कधीतरी येतो. घरातलं मूल रोज घरात असतं.

तिसरी व्यक्ती असते, तिच्याविषयी बोलायला लोक कचरतात. घरातला एखादा माणूस, कदाचित परवानाधारक स्वतःच, खूप खचलेला असतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. जीव देण्याची तीव्र ऊर्मी अनेकदा थोडाच वेळ टिकते. त्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचण्याची शक्यता बरीच वाढते, आणि बंदुकीच्या बाबतीत तर दुसरी संधी जवळजवळ नसतेच. अशा वेळी तिजोरी आणखी मजबूत करून भागत नाही, कारण किल्ली त्याच माणसाकडे असते. घरात असं काही चाललं असेल तर शस्त्र काही महिने परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावं, असं आम्ही स्पष्ट सांगतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलिसांच्या आदेशावरून बंदुका जमा करण्याची आपल्याला सवय आहेच. त्यात कुणी कमीपणा मानत नाही, मग इथेही मानायचं कारण नाही. आणि त्या माणसाशी बोलणं, त्याला डॉक्टरकडे नेणं हेही त्याच आठवड्यात व्हायला हवं.

आता मापाकडे येऊ. दुकानात जाण्याआधी टेप घेऊन शस्त्र मोजा. बारा बोअरची दुनळी सुटी करता येते, नळी वेगळी आणि दस्ता वेगळा. तेव्हा सर्वात लांब तुकडा म्हणजे नळी, ती बहुधा २८ ते ३० इंच. नेमबाजीची .२२ रायफल मात्र अखंडच ठेवायची असते, तिला चार फुटांच्या आसपास उंची लागते. ठासणीची बंदूक त्याहून लांब असू शकते. तिजोरीचं बाहेरचं माप आणि आतलं माप यांत बराच फरक पडतो, म्हणून आतलंच माप विचारा. परदेशी बनावटीच्या तिजोरीवर 'इतक्या बंदुकांसाठी' असा आकडा लिहिलेला असतो, तो अगदी खेटून ठेवल्या तर खरा असतो. दुर्बीण लावलेली एक रायफल आत गेली की तो हिशोब कोलमडतो.

पत्र्याविषयी एक जागा अशी आहे जिथे ग्राहक हमखास फसतो. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १२ गेज म्हणजे सुमारे २.६ मिलिमीटर, १० गेज म्हणजे सुमारे ३.४. विक्रेता मोठा आकडा अभिमानाने सांगत असेल तर मिलिमीटरमध्ये किती, एवढंच विचारा. ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटासाठी बीएस ७५५८ नावाचं मानक आहे, त्यात किमान २ मिलिमीटर पत्रा धरतात. अमेरिकेत यूएल या संस्थेची 'रेसिडेन्शियल सिक्युरिटी कंटेनर' अशी श्रेणी असते. त्यातल्या पहिल्या पायरीचा अर्थ असा, की हातोडा, पहार, स्क्रू-ड्रायव्हर अशी हातातली अवजारं घेऊन एका माणसाने पाच मिनिटं खटपट केली तरी ती उघडता कामा नये. पाच मिनिटं ऐकून काही लोक निराश होतात. पण कोणतीच घरगुती तिजोरी अभेद्य नसते. आपण विकत घेतो तो वेळ. रिकाम्या घरात शिरलेल्या चोराला पाच मिनिटं आवाज करत बसावं लागणं, हे त्याला पुष्कळ महागात पडतं.

आपल्याकडे खास बंदुकीसाठीची तयार तिजोरी सहज मिळत नाही, म्हणून बरेच जण फॅब्रिकेटरकडून करून घेतात. ते चालेल. फक्त त्याच्यासमोर उभं राहून तीन गोष्टी बघा. पत्रा २ मिलिमीटरपेक्षा कमी नको. बिजागऱ्या बाहेर असतील तर बिजागरीच्या बाजूनेही दारातून पोलादी दांडे चौकटीत शिरले पाहिजेत, नाहीतर बिजागरी कापली की दार हातात येतं. आणि कुलूप दाराच्या आत बसवलेलं असावं. कडी-कोयंडा आणि वर टांगलेलं कुलूप, हा प्रकार गोठ्याला शोभतो.

यानंतर जे सांगतो ते किमतीच्या दृष्टीने सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त विसरलं जाणारं काम आहे. तिजोरी जमिनीला किंवा भिंतीला आतून बोल्टने जखडा. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठीचा छोटा लॉकर आठ-दहा किलोचा असतो. चोर तो उघडत बसत नाही, बगलेत मारून घेऊन जातो आणि नंतर निवांत फोडतो. उभी तिजोरीही आडवी पाडली की दाराला पहार लावणं सोपं जातं. काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट घट्ट बसतो. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीत मात्र तो हळूहळू सैल होतो, कारण चिरा सच्छिद्र असतो. तिथे खाली काँक्रीटचा छोटा ओटा घालून त्यात बोल्ट बसवणं बरं. शहरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी वजनाकडेही बघावं. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेला असतो. दीड-दोनशे किलोची तिजोरी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईजवळ, भिंतीलगत ठेवा, आणि त्याहून जड घ्यायची असेल तर इंजिनिअरला विचारा.

कुलपाविषयी आम्हाला सर्वात जास्त प्रश्न येतात. किल्लीचं कुलूप साधं आणि टिकाऊ, पण त्याची सुरक्षा किल्ली जिथे असेल तिथे असते. आपल्याकडे ती देवघरात, गादीखाली किंवा डाळीच्या डब्यात असते आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असते. परवाना एका व्यक्तीच्या नावावर असतो, तेव्हा किल्लीही त्याच व्यक्तीच्या अंगावर असावी. ब्रिटनमधले पोलीस नेमका हाच आग्रह धरतात, पत्नीलाही किल्लीची जागा माहीत नको म्हणतात. आकड्यांची फिरती तबकडी असेल तर किल्ली नाही, बॅटरी नाही, फक्त उघडायला वेळ लागतो. बटणांचं डिजिटल कुलूप सोयीचं. पण कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदला, आणि मुलाची जन्मतारीख ठेवू नका. अगदी स्वस्त डिजिटल लॉकरमध्ये एक छोटी विद्युतखिट्टी असते. वरून नेमका दणका बसला तर ती क्षणभर उडते आणि तेवढ्यात मूठ फिरवली की दार उघडतं. त्याला ना अवजार लागतं ना कौशल्य.

अंगठ्याच्या ठशाचं कुलूप सध्या फार खपतं. नांगर-कोयता धरून घासलेली बोटं ते वाचत नाही, ओली बोटंही वाचत नाही, हा एक भाग. दुसरा भाग जास्त गंभीर आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये एका कंपनीच्या सुमारे ६१,००० ठशाच्या तिजोऱ्या परत मागवल्या गेल्या. मालकाला वाटायचं आपला ठसा नोंदवला गेलाय, प्रत्यक्षात तो नोंदलेला नसायचा, आणि मग ती तिजोरी कुणाच्याही बोटाने उघडायची. त्या प्रकरणाशी एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला. म्हणून ठशाची तिजोरी आणली तर आपलं बोट लावून थांबू नका. घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघा, आणि दर महिन्याला बघा.

आता गोळ्या. बंदूक एका कप्प्यात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि बंदूक नेहमी रिकामी. 'रात्री डुक्कर आलं तर?' असं विचारतात. दोन कुलपं उघडायला एक मिनिट लागतं. डुक्कर तेवढं थांबतं, आणि नाही थांबलं तर चार नारळाची रोपं जातील. आगीच्या दृष्टीनेही हेच बरं. सुटं काडतूस आगीत फुटलं तर त्याचा फार दूरवर मारा होत नाही, पण भरलेली बंदूक तापली तर ती गोळी झाडल्यासारखीच सुटते. ठासणीची बंदूक वापरणाऱ्यांनी मात्र एक फरक नीट लक्षात घ्यावा. तिची दारू बंद पोलादी तिजोरीत कधीच ठेवू नये. उघड्यावर पेटलेली दारू भडकते, घट्ट बंद पोलादात पेटलेली दारू स्फोट करते. ती थोडीच आणावी, मूळ डब्यात, कुलूप असलेल्या लाकडी पेटीत, चुलीपासून लांब, आणि टोप्या तिच्यापासून वेगळ्या.

अग्निरोधक तिजोरीची जाहिरात मोठी असते. बहुतेकींच्या भिंतीत जिप्समचे थर असतात. तापलं की जिप्सममधलं पाणी वाफ होऊन सुटतं आणि आतलं तापमान काही वेळ आटोक्यात राहतं. कागदपत्रं ठेवायची असतील तर याचा उपयोग आहे. पण तोच ओलावा एरवीही थोडाफार आत राहतो, आणि कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या मते रत्नागिरी-सिंधुदुर्गात बंदुकीला आगीपेक्षा गंजाचा धोका मोठा. तिजोरी न्हाणीघराच्या भिंतीला लावू नका, जमिनीपासून दोन-तीन इंच उचलून घ्या. आत आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवा, काटा पन्नाशीच्या आसपास असावा. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलल्या की पुन्हा तापवून वाळवता येतात. चामड्याच्या किंवा फोमच्या म्यानात बंदूक घालून तिजोरीत ठेवणं टाळा. म्यान ओल धरतं आणि नळीवर डाग पडतात. खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढली की हे डाग दिसतात, पण पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाचा हात फिरवला असता तर ते पडलेच नसते.

कायद्याचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांनुसार परवान्यासाठी अर्ज करतानाच शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. परवान्याच्या अटी मोडणं हा गुन्हा आहे. तेव्हा तिजोरीची पावती आणि बसवल्यावरचे फोटो परवान्याच्या फाईलमध्ये लावून ठेवा.

शेवटी एका श्रोत्याने पाठवलेला प्रश्न घेऊ. परवानाधारक वारला आणि आकडा फक्त त्यालाच माहीत होता, तर? हे खरंच घडतं. घरचे मग कटर आणून तिजोरी कापतात आणि बंदूक पुन्हा त्या साड्यांच्या कपाटात जाते. परवाना व्यक्तीबरोबर संपतो, त्यानंतर ते शस्त्र घरात ठेवणं वारसांनाही कायदेशीर नसतं. ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, पावती घ्यायची, आणि हवं असेल तर वारसाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. यासाठी आकडा किंवा दुसरी किल्ली मोहोरबंद पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये किंवा वकिलाकडे ठेवा. पाकिटावर परवान्याचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लिहा, म्हणजे ते उघडणाऱ्याला आधी कुठे फोन करायचा ते कळेल.