अनुभव नाही? कोण म्हणतं!

परवा बचत गटाच्या बैठकीत एका ताईंची बारावी झालेली लेक रडवेली होऊन म्हणाली, "काकू, सगळीकडे अनुभव विचारतात. तो आणू कुठून?" आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या कितीतरी मुलींचं हेच दुखणं.

अगं, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतेस, आईच्या गटाचा हिशोब लिहितेस, हा अनुभव नाही तर काय? दुकानात, झेरॉक्सवाल्याकडे, शिकवणीच्या बाईंकडे काम विचारताना हेच सांगायचं. लाजायचं नाही.

१९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'ची वाट दाखवली. कमवायचं ते शिकण्यासाठी, शिक्षण सोडण्यासाठी नव्हे.

मैत्रिणींनो, आपणही डोळे उघडे ठेवूया. पगार आणि वेळ आधीच ठरवून घ्या. नोकरीसाठी कुणाला पैसे देऊ नका, मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवू नका. अठराच्या आत धोक्याचं काम करायला कायद्यानंच बंदी आहे. आणि गावाची शेवटची एसटी चुकेल असं काम नकोच.

पहिला पगार लेक तुमच्या हातात ठेवेल. त्यातली कॉलेजची फी आधी बाजूला काढा, बरं का!