भुकेले जनावर, अपुरा प्राणवायू आणि नाडीचे ठोके



गळीत हंगामात गाडीचा बैल वैरणीवर मन धरत नाही, तेव्हा घरचे कोणीतरी त्याची नाडी बघतो. शेपटीच्या मुळाजवळ खालच्या अंगाला बोटे ठेवली की ती लागते. मोठ्या निरोगी जनावराचे ठोके मिनिटाला साधारण 48 ते 84 भरतात. पण उपाशी जनावराचे ठोके बरेच मंदावतात. अमेरिकेतील पशुवैद्यकांनी 1990 साली हे शोधनिबंधात मांडले. मंद नाडी दिसली म्हणजे हृदयच बिघडले, असे नव्हे.

आपला बॉयलर डोळ्यांपुढे आणा. चिपाड हे खाणे आणि हवा हा प्राणवायू. गव्हाणीत ऊस कमी आला की मिल सावकाश चालवावी लागते. शरीरही तेच करते. खाणे तुटले की हृदयाला आवर घालणारी व्हेगस नावाची नस जोर धरते, अंगातले जळण कमी जळते आणि प्राणवायूही कमी लागतो. पांढऱ्या उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देते. गार खोलीत अर्धपोटी ठेवला तर तो मधूनमधून गुंगीत जातो आणि ठोके दोनशेच्या खाली येतात.

प्राणवायू कमी पडला तर गोष्ट उलटी. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. तिथल्या श्वासात समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो, म्हणून नव्याने गेलेल्या माणसाची नाडी बसल्या जागी पळते. प्रत्येक फेरीत माल कमी, म्हणून फेऱ्या जास्त!

मग दोन्ही एकदम आले तर? भूक म्हणते हळू, प्राणवायूची टंचाई म्हणते लवकर. ज्या शरीराने आपली गरजच उतरवली, ते अशा टंचाईत जास्त वेळ तग धरते.

याचा कळस पूर्व आफ्रिकेत बघायला मिळतो. तिथे जमिनीखाली बिळांत दाटीवाटीने राहणारा, केस नसलेला, दात पुढे आलेला एक प्राणी आहे, नेकेड मोल-रॅट. दिसायला अगदीच ओंगळ, पण चिवट! 2017 साली थॉमस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला अजिबात प्राणवायू नसलेल्या हवेत ठेवले. साधा उंदीर तिथे मिनिटभरात मरतो. हा 18 मिनिटे टिकला आणि ताजी हवा मिळताच हिंडू लागला. त्याचे ठोके दोनशेवरून पन्नासच्या आसपास उतरले होते, आणि त्याचे हृदय व मेंदू फ्रुक्टोजवर चालले होते. आपल्या साखरेत अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो, त्यातलेच हे. प्राणवायूविना ग्लुकोजची वाट एका नाक्यावर अडते; फ्रुक्टोज तो नाका टाळून पुढे जाते. हे वाचून कोणी बैलाला साखर चारू नये. जादा साखरेने त्याच्या पोटात आंबट होऊन जनावर दगावते.

बैल काही मोल-रॅट नव्हे. त्याला गाडी ओढायची असते, आणि ओढताना स्नायूंना प्राणवायू भरपूर लागतो. घटसर्पात किंवा फुफ्फुसाच्या सुजेत तो मिळत नाही, म्हणून नाडी पळू पाहते. त्यातच जनावर दोन दिवस उपाशी असेल तर भूक तिला मागे ओढते. मोजणारा म्हणतो, "साठ आहे, ठीक आहे की!" आणि बैल जुंपतो. हा साठचा आकडा दोन दुखण्यांच्या ओढाताणीतून आलेला असू शकतो.

तेव्हा डॉक्टरांना निरोप देताना नुसती नाडी सांगू नका. शेवटची वैरण कधी खाल्ली, रवंथ करतो का, नाकपुड्या फुलतात का, गळ्याला सूज आहे का, हेही सांगा. ठोके सावलीत, बैल बांधून शांत उभा असताना, पुरे एक मिनिट मोजा. आणि डॉक्टर येईपर्यंत जू मानेवर ठेवू नका.