संदेशवहन लायब्ररीतील परतमूल्यांची एकरूपता : एक विवेचन

प्रस्तावना :
दोन प्रोग्रॅममध्ये माहितीची देवाणघेवाण घडवून आणण्याचे कार्य संदेशवहन लायब्ररी करते. प्रोग्रॅमर तिच्यातील फंक्शनला काम सांगतो व ते फंक्शन काम संपल्यावर एक मूल्य परत करते. यालाच परतमूल्य असे म्हणतात. काम यशस्वी झाले की नाही हे कळण्याचा प्रोग्रॅमजवळ हाच प्रमुख मार्ग होय. प्रस्तुत लेखात झीरोएमक्यू या मुक्तस्रोत लायब्ररीच्या आधारे परतमूल्यांच्या एकरूपतेचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

झीरोएमक्यूमधील बदल :
सी भाषेत यश कळविण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत यशासाठी शून्य मिळते. दुसरीत, युनिक्समधील 'राइट'प्रमाणे, बाइटची संख्या मिळते. दोन्हींत अपयशाची खूण उणे एक अशी असते. झीरोएमक्यूच्या दुसऱ्या आवृत्तीत संदेश पाठविणारे फंक्शन यशस्वी झाल्यास शून्य देत असे. २०१२ मधील ३.२ आवृत्तीत मात्र ते बाइटची संख्या देऊ लागले. सॉकेट बंद करणारे फंक्शन पूर्वीप्रमाणेच शून्य देत राहिले. अशा रीतीने एकाच लायब्ररीत यशाची दोन रूपे निर्माण झाली.

परिणाम :
समजा, ढाणकी परिसरातील शेतकऱ्यांना कापसाचे भाव कळविणारी एखादी प्रणाली आहे. तिच्यात 'शून्य नसेल तर अपयश' ही जुनी तपासणी कायम राहिली, तर बारा बाइटचा संदेश यशस्वीपणे स्वीकारला जाऊनही प्रणाली त्यास अपयश समजेल व तोच संदेश पुनःपुन्हा पाठवील. याउलट 'शून्याहून अधिक म्हणजे यश' असे मानल्यास रिकामा संदेश यशस्वी होऊनही अयशस्वी ठरेल. दोन्ही मूल्ये पूर्णांकच असल्याने कंपायलर ही चूक दाखवीत नाही. 'उणे एक आहे काय?' एवढीच तपासणी दोन्ही आवृत्त्यांत निर्दोष ठरते.

यशाचा अर्थ :
झीरोएमक्यूत पाठविण्याचे यश म्हणजे संदेश रांगेत दाखल झाला, एवढेच होय. तो जाळ्यावरून रवाना झाला किंवा पलीकडे पोहोचला, असे नव्हे. टपाल कचेरीत मिळणारी पावती आणि पोचपावती यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. पोचपावती हवी असल्यास पलीकडील प्रोग्रॅमने उत्तर पाठविण्याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागते.

समारोप :
एनएनजी ही नंतरची लायब्ररी पाठविण्याच्या यशासाठी शून्य व अपयशासाठी थेट त्रुटीचा क्रमांक देते. यावरून कोणती पद्धत निवडली यापेक्षा ती सर्वत्र सारखी पाळणे अधिक महत्त्वाचे, हे स्पष्ट होते. नियम एक असेल तर प्रोग्रॅमरला प्रत्येक फंक्शनचा अपवाद लक्षात ठेवावा लागत नाही. तसेच नियम बदलल्यास फंक्शनचे नावही बदलणे हितावह ठरते. अन्यथा जुना प्रोग्रॅम चालत राहतो, पण चुकीचे निष्कर्ष काढत राहतो.